हेन्रीच्या नावाची पेनी: मध्ययुगीन इंग्लिश चांदीची नाणी जमवायला सुरुवात कशी करावी

गेंड्याचं चित्र असलेलं स्टीलचं चार आण्याचं नाणं आठवतंय का? साधारण तेवढ्याच आकाराची, पण त्याच्या निम्म्या वजनाची चांदीची चकती डोळ्यांसमोर आणा. तेराव्या शतकातली इंग्लंडची पेनी ती हीच. एका बाजूला डोळे वटारून बघणारा राजा, दुसऱ्या बाजूला क्रूस, आणि दोन्हीकडे कडेने अक्षरं. बर्मिंगहॅमजवळ राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी नाण्यांच्या एका जत्रेत मी ती पहिल्यांदा तळहातावर घेतली. विक्रेत्याला विचारलं, "ही खरी आहे?" म्हातारा हसून म्हणाला, "खोटी करायला याहून जास्त खर्च येईल." त्याचं बोलणं अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं पुढे येईल.

आठशे वर्षांची वस्तू दोघांच्या हॉटेलच्या बिलाएवढ्या पैशांत मिळते, याचं कारण सरळ आहे. ही नाणी त्या काळी कोट्यवधींनी पाडली गेली, लोकांनी ती मडक्यांत भरून पुरली, आणि आजही शेतांत सापडत राहतात. त्यामुळे नवख्या माणसासाठी पैसा ही अडचण कमीच. अडचण ही, की समोर आलेलं नाणं नक्की कोणाचं हे कळत नाही आणि विक्रेता सांगेल त्यावर भरवसा ठेवावा लागतो. म्हणून माझं सांगणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: राजाचं नाव ऐकून नाणं घेऊ नका, अक्षरं वाचता येतील असं नाणं घ्या. मी उलटं केलं होतं आणि त्याचे पैसे मोजले.

पहिली पायरी: काळ डोक्यात बसवा

पाठांतर नको, पाच-सहा टप्पे पुरेत. आठव्या शतकात मर्सिया या मध्य इंग्लंडमधल्या राज्याच्या ऑफा राजाने पसरट, पातळ पेनी रूढ केली. ९७३ च्या सुमारास एडगर राजाने देशभर एकच छाप लागू केली: राजाचा चेहरा, टाकसाळीचं गाव आणि टाकसाळ्याचं नाव. पुढची तीनशे वर्षं हा साचा फारसा बदलला नाही. बारा पेन्यांचा शिलिंग आणि २४० पेन्यांचा पौंड हे सगळं हिशेबाच्या वहीत होतं. हातात येणारं चांदीचं नाणं म्हणजे पेनीच. अर्धी पेनी हवी तर पेनी मधोमध कापायची, पाव हवी तर चार तुकडे करायचे. ही कापलेली नाणी आजही मिळतात आणि माझी ती फार आवडती आहेत.

सॅक्सन आणि (१०६६ नंतरच्या) नॉर्मन राजांची नाणी सुंदर असतात, पण महाग. नॉर्मनांत त्यातल्या त्यात सहज मिळते ती विल्यम पहिल्याची 'पॅक्स' छापाची पेनी, कारण १८३३ मध्ये हॅम्पशरमधल्या ब्यूवर्थ गावी त्या हजारोंनी एकदम सापडल्या. हेन्री दुसऱ्याच्या ११५८ पासूनच्या पेन्यांना टील्बी म्हणतात, कारण लिंकनशरमधल्या टील्बीला १८०७ मध्ये पाच हजारांहून जास्त नाण्यांचा साठा निघाला. त्यातला बहुतेक वितळवून टाकला गेला, हे वाचून आजही पोटात कालवतं. ही नाणी वेडीवाकडी, अर्धवट उठलेली असतात. संग्राहकाला ती वेड लावतात खरी, पण पहिलं नाणं म्हणून टील्बी घेऊ नका. वाचता येणार नाही आणि उत्साह मावळेल.

नवख्याचं मैदान ११८० पासून सुरू होतं. ११८० ते १२४७ आखूड क्रूसाची पेनी, १२४७ ते १२७९ लांब क्रूसाची, १२७९ पासून पहिल्या एडवर्डची नवी पेनी, आणि १३५१ पासून चार पेन्यांचं मोठं नाणं, म्हणजे ग्रोट.

दुसरी पायरी: पहिली तीन नाणी ठरवा

एकदम पंचवीस नाण्यांची यादी करू नका. तीन घ्या.

पहिलं, एडवर्डच्या काळातली लंडनची पेनी. सगळ्यांत सोपी, सगळ्यांत स्वस्त, अक्षरं स्पष्ट. चालण्यासारख्या अवस्थेतली साधारण ३० ते ५० पौंडांत मिळते. दुसरं, आखूड क्रूसाची पेनी, जिच्यावर टाकसाळ्याचं नाव नीट वाचता येतं अशी. तिसरं, सहाव्या हेन्रीचं कॅलेला पाडलेलं ग्रोट, ज्यावर राजाच्या मानेशेजारी बारीक कडी असतात. कॅले १३४७ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि इंग्लिश लोकर तिथूनच युरोपात विकली जाई. लोकरीच्या बदल्यात आलेली चांदी तिथल्याच टाकसाळीत पडे. त्यामुळे आज इंग्लंडचं सर्वांत सहज मिळणारं ग्रोट हे आजच्या फ्रान्समध्ये पाडलेलं असतं. ते सव्वीस-सत्तावीस मिलिमीटरचं, भरदार नाणं आहे. पेनीनंतर ते हातात घेतलं की जाड वाटतं.

तिसऱ्या रिचर्डचं नाणं हवं असं प्रत्येकाला वाटतं. त्याने जेमतेम दोन वर्षं राज्य केलं, नाणी थोडी आणि किंमत भरमसाट. ते स्वप्न पाच वर्षं पुढे ढकला.

तिसरी पायरी: वाचायला शिका

इथे घाई नको. सगळी गंमत इथेच आहे.

आखूड क्रूसाच्या पेनीवर पुढच्या बाजूला 'हेन्रिकस रेक्स', म्हणजे लॅटिनमध्ये 'हेन्री राजा', असतं. राजाच्या हातातला राजदंड 'रेक्स' या शब्दाच्या मधेच घुसतो, त्यामुळे 'आर' एकीकडे आणि उरलेली दोन अक्षरं पलीकडे. आता गंमत अशी की ११८० ते १२४७ या काळात चार राजे झाले: दुसरा हेन्री, सिंहहृदयी रिचर्ड, मॅग्ना कार्टावाला जॉन आणि तिसरा हेन्री. चौघांच्याही पेन्यांवर नाव हेन्रीचंच! चालणारी छाप बदलून बाजाराचा विश्वास कशाला घालवा, असा तो हिशेब. आपल्याला हे नवल वाटायचं कारण नाही. पेशव्यांच्या काळातले अंकुशी रुपयेही मुघल बादशहाच्याच नावाने पडत होते.

याचा परिणाम असा, की त्या काळात इंग्लंडमध्ये पाडलेली 'रिचर्ड' किंवा 'जॉन' असं नाव लिहिलेली पेनी मिळतच नाही. रिचर्डचं नाव त्याच्या फ्रान्समधल्या पोआतू वगैरे मुलखांच्या नाण्यांवर आहे, जॉनचं आयर्लंडच्या नाण्यांवर. मग विक्रेते 'रिचर्ड पहिला, सिंहहृदयी' असं लिहून पेनी विकतात ती कशाच्या जोरावर? वर्गाच्या. अभ्यासकांनी या नाण्यांचे एक ते आठ असे वर्ग पाडलेत. राजाच्या डोक्याशेजारच्या कुरळ्या बटा मोजतात, मुकुटावरचे मणी बघतात, अक्षरांचं वळण बघतात. पहिल्या वर्गाच्या चांगल्या नाण्यांत डावीकडे दोन आणि उजवीकडे पाच बटा असतात. रिचर्डच्या काळातले वर्ग दोन, तीन आणि चार. पाचवा वर्ग जॉनचा. सातवा तिसऱ्या हेन्रीचा, तो सगळ्यांत मुबलक आणि म्हणून सगळ्यांत स्वस्त.

माझी ठोकर इथलीच. इंटरनेटवर एकाने 'रिचर्ड पहिला' म्हणून लावलेली पेनी मी भिंतीवर क्रुसेडचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धांचा, नकाशा लावल्याच्या आनंदात घेतली. दुप्पट पैसे दिले. दोन महिन्यांनी भिंगाखाली मागची बाजू अक्षर-अक्षर लावत बसलो. वरच्या छोट्या क्रूसापासून सुरुवात केली, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. आय. एल. मग एक अक्षर, ज्याचं पोट घासलेलं. मग गोल 'ई', मग 'आर'. पुढे 'ऑन', आणि मग एल, व्ही, एन, डी. इल्गेर ऑन लुंड. 'ऑन' म्हणजे जुन्या इंग्लिशमध्ये 'येथे', आणि 'व्ही' हा तेव्हा 'यू'चंही काम करायचा. लंडनच्या टाकसाळीतला इल्गेर. यादीत नाव शोधलं तर इल्गेर सातव्या वर्गाचा निघाला, म्हणजे रिचर्ड मरून बरीच वर्षं झाल्यानंतरचा. विक्रेत्याने मुद्दाम फसवलं की त्यालाही वाचता येत नव्हतं, देव जाणे. पण त्या दिवसापासून मला रिचर्डपेक्षा इल्गेरचं कौतुक जास्त. त्याच्या टाकसाळीतून निघालेली चांदी माझ्या टेबलावर होती आणि त्याचं नाव मी स्वतः वाचलं होतं.

हे नाव नाण्यावर का असायचं? चांदीत खोट निघाली तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून. आणि धरायचेही. पहिल्या हेन्रीने ११२४ च्या नाताळात देशभरच्या टाकसाळ्यांना विंचेस्टरला बोलावून घेतलं आणि खराब नाणी पाडल्याबद्दल त्यांचे उजवे हात छाटले, शिवाय वृषणंही काढली. हे वाचल्यावर नाण्याच्या कडेचं ते छोटं नाव तुम्ही वेगळ्या नजरेने वाचता.

वाचताना काय अडेल ते सांगून ठेवतो. 'ई' आणि 'सी' दोन्ही गोल असतात, फरक मधल्या आडव्या दांडीचा. 'एन' कधी उलटा असतो, कधी 'एच'सारखा दिसतो. जागा कमी पडली की दोन अक्षरं एकमेकांना चिकटवतात, एकाच उभ्या रेषेवर दोघं उभी. मराठी माणसाला जोडाक्षरांची सवय असल्याने हे चटकन जमतं, असा माझा अनुभव आहे. कोणी शिवराई वाचली असेल तर त्याला आणखी सोपं: तिथेही ठसा मोठा आणि तांबं लहान, म्हणून 'श्री राजा शिव' मधलं अर्धं अक्षर पाहून उरलेलं ओळखायचं असतं. इथेही तेच. नाणं हाताने ठोकलेलं आहे. खालचा ठसा लाकडात रोवलेला, वरचा हातात, मधे चांदीची चकती, आणि वरून हातोडा. ठसा सरकला, चकती वाकडी पडली, फटका हलका बसला, तर अक्षरं जातात.

वाचताना दिवा डोक्यावर नको. टेबललँप अगदी खाली, नाण्याच्या बाजूने धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. घासलेलं अक्षर तिरक्या उजेडात सावली टाकतं आणि क्षणभर उठून दिसतं. दहापट दाखवणारं सोनाराचं भिंग पुरतं.

लांब क्रूसाच्या पेनीत मागचा क्रूस थेट कडेपर्यंत जातो. कारण लोक आखूड क्रूसाच्या नाण्यांची कड कातरत होते. थोडी थोडी चांदी कापून घ्यायची आणि नाणं पुढे सरकवायचं. १२४७ मध्ये क्रूस कडेला नेला, म्हणजे त्याचं टोक गेलेलं दिसलं की कातरलेलं नाणं ओळखू यावं. कातरणं तरी थांबलं नाही. त्याचा आळ ज्यूंवर आला. १२७८ मध्ये त्यांची सरसकट धरपकड झाली, शेकडो फासावर गेले, आणि १२९० मध्ये सगळ्या ज्यूंना इंग्लंडमधून हाकललं. कातरलेली पेनी स्वस्त मिळते म्हणून घेतो तेव्हा हेही त्या कडेत असतं.

एडवर्डची १२७९ ची पेनी वाचायला बाळबोध. टाकसाळ्याचं नाव जवळजवळ सगळीकडून गेलं, फक्त गाव उरलं: 'सिविटास लंडन', 'सिविटास कँटर', यॉर्कसाठी 'सिविटास एबोरासी', ब्रिस्टलसाठी 'विल्ला ब्रिस्टोली'. कॅथीड्रल असलेलं शहर ते सिविटास, बाकीची विल्ला. पुढच्या बाजूला राजाचं नाव आणि 'इंग्लंडचा राजा, आयर्लंडचा स्वामी' हे लॅटिन संक्षेपात. एक सोपं सूत्र लक्षात ठेवा. नाव 'ई-डी-डब्ल्यू' एवढ्यावर संपत असेल तर पेनी बहुधा १३०० पूर्वीची, पहिल्या एडवर्डची. पुढे 'ए' असेल तर १३०० नंतरची, पहिल्या एडवर्डची शेवटची किंवा दुसऱ्याची. १३४४ नंतर तिसऱ्या एडवर्डच्या काही पेन्यांवर हे सूत्र फसतं, पण तोवर तुमची नजर तयार झालेली असेल.

उत्तर इंग्लंडमधल्या डरॅमच्या पेन्या जमवायला मजेदार. तिथली टाकसाळ बिशपच्या ताब्यात होती आणि बिशप आपली खूण घालत: बिशप बेकने एक खास क्रूस, केलॉने टोक डावीकडे वळलेली धर्मदंडाची मूठ, बोमाँने सिंह. राजा बघायचा नाही, कडेचा सिंह शोधायचा.

चौथी पायरी: वजन करा

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशात मावणारा काटा घ्या. फार स्वस्त मिळतो आणि माझ्या मते कॅटलॉगआधी तो घ्यावा. आकडे हे असे: १२७९ ची पेनी सुमारे १.४४ ग्रॅम. १३५१ मध्ये ती १.१७ वर आली आणि ग्रोट ४.६७ वर. १४१२ पासून पेनी ०.९७, ग्रोट ३.८९. १४६४ च्या सुमारास चौथ्या एडवर्डने पुन्हा कमी केली: पेनी ०.७८, ग्रोट ३.११. चांदीचा कस मात्र स्टर्लिंगच, ९२.५ टक्के. म्हणजे राजे वजन घटवत होते, भेसळ करत नव्हते. तो उद्योग पुढे आठव्या हेन्रीने केला.

त्यामुळे सहाव्या हेन्रीचं कॅलेचं ग्रोट ३ ग्रॅमचं भरलं तर ते कातरलेलं आहे किंवा खोटं आहे. १.४ ऐवजी १.१ ग्रॅमची पहिल्या एडवर्डची पेनी दिसली तर कड नीट बघा. अक्षरांच्या बाहेरची मण्यांची रेघ पूर्ण दिसते का? दिसत असेल तर नाणं झिजलं असेल, नसेल तर कातरलंय.

अवस्थेसाठी इथे फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन असे शब्द चालतात. हातोड्याच्या नाण्यांत 'फाइन' हे सन्मानाचं पद आहे. मी चेहऱ्यापेक्षा अक्षरांना मार्क देतो. राजाचं नाक गेलेलं पण टाकसाळ्याचं नाव पूर्ण असलेलं नाणं मला देखण्या, न वाचता येणाऱ्या नाण्याहून प्यारं. शेतातून निघालेली नाणी नांगराने वाकलेली असतात आणि कोणीतरी ती सरळ करतं. तिरक्या उजेडात मधोमध घडीची रेघ दिसते. घ्यायला हरकत नाही, किंमत मात्र तशी हवी.

पाचवी पायरी: खोटी ओळखा

आता त्या म्हाताऱ्याचं उरलेलं अर्धं. स्वस्त पेनीची नक्कल करणं परवडत नाही हे बऱ्यापैकी खरं, पण महाग नाण्यांची सर्रास होते. ओतीव नक्कल असली तर पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात, अक्षरांच्या कडा मेणासारख्या मऊ, आणि कडेवर जोडाची रेघ घासून काढल्याच्या खुणा. एकाच विक्रेत्याकडे अगदी सारखी दोन नाणी, तोच ओरखडा, तेच सरकलेलं अक्षर, दिसली तर मुकाट्याने पुढे जा. हाताने ठोकलेली दोन नाणी इतकी सारखी नसतात. संग्रहालयांच्या दुकानात मुलांसाठी मिळणाऱ्या प्रतिकृतीही फिरत फिरत 'आजोबांच्या संग्रहातलं' म्हणून विकायला येतात. त्या बहुधा जाड आणि वजनाला भलत्याच असतात. काटा इथे कामाला येतो.

त्या काळची खोटी नाणी हा वेगळा विषय. तांब्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवलेली पेनी झिजली की हिरवी-तांबडी दिसते. अशी नाणी मी मुद्दाम घेतो. फ्लँडर्सकडच्या, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, सरदारांनी तर एडवर्डच्या पेनीसारखी दिसणारी, कमी कसाची नाणी पाडून इंग्लंडात ढकलली. लोक त्यांना क्रॉकर्ड आणि पोलार्ड म्हणत. १२९९ च्या नाताळात सरकारने त्यांची किंमत अर्ध्या पेनीवर आणली आणि १३०० मध्ये ती बादच केली. नोटाबंदी आपण पाहिलीय, तेव्हा त्या रांगेतल्या माणसाचं तोंड कसं झालं असेल ते वेगळं सांगायला नको. यांतल्या बऱ्याच नाण्यांवर राजाच्या डोक्यावर मुकुटाऐवजी गुलाबांची माळ असते. आणि एक: राजाचा चेहरा त्रिकोणात असेल तर पेनी आयर्लंडची, चेहरा एका बाजूने दाखवलेला असेल तर बहुधा स्कॉटलंडची. नवखे या दोन्ही 'दुर्मिळ इंग्लिश' म्हणून घरी आणतात.

सहावी पायरी: कुठून घ्यायची

पहिली दोन-तीन तरी समोरासमोर घ्या. बर्मिंगहॅमजवळच्या मोटारसायकल संग्रहालयात भरणारी मिडलंड कॉइन फेअर आणि यॉर्कच्या रेसकोर्सवरची जत्रा, दोन्ही नवख्यांना सोयीच्या. तिथे टेबलावरचा ट्रे मागा, नाणं कडेने धरा, काटा काढायला लाजू नका. चांगला विक्रेता उलट खूश होतो. 'हे का स्वस्त आहे?' हा प्रश्न नक्की विचारा. खरा जाणकार लगेच सांगतो, वाकलंय, भोक बुजवलंय, किंवा कोणालाच नको असलेला वर्ग आहे. ब्रिटिश नाणे व्यापाऱ्यांच्या संघटनेचा सदस्य असेल तर खोटं निघालेलं नाणं परत करताना वाद कमी होतो.

लिलावात हातोडा पडलेल्या किमतीवर २० ते २५ टक्के खरेदीदाराचं कमिशन आणि त्यावर कर चढतो. हे धरूनच बोली लावा. मी पहिल्या वेळी धरलं नव्हतं आणि घरी तो महिना खिचडीवर निघाला.

विकत घेण्याआधी तुलना फुकट करता येते. ब्रिटिश म्युझियम जिचं काम बघतं ती 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' शेतांत सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवते आणि तिचा साठा इंटरनेटवर खुला आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियमची ११८० पर्यंतच्या सुट्या सापडलेल्या नाण्यांची यादीही तशीच. विक्रेते नाण्यासोबत 'स्पिंक' आणि 'नॉर्थ' असे दोन क्रमांक देतात. ते दोन कॅटलॉगांमधले नंबर, आणि स्पिंकचा कॅटलॉग दरवर्षी नव्या किमतींसह निघतो. मागच्या वर्षीचा निम्म्या किमतीत घ्या, छापील किंमत कोणी पूर्ण देत नाही.

कायद्याचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये जमिनीत एकत्र सापडलेली ३०० वर्षांहून जुनी, दोन किंवा जास्त चांदी-सोन्याची नाणी १९९६ च्या कायद्याप्रमाणे 'खजिना' ठरतात आणि सापडल्यावर १४ दिवसांत कळवावी लागतात. म्हणून 'एकाच शेतातली दहा' असं कोणी दबक्या आवाजात सांगितलं तर नोंदीचा कागद मागा. भारतात घेऊन येणार असाल तर दोन गोष्टी आधी विचारा: ब्रिटनमधून निर्यातीचा परवाना लागतो का आणि तो कोण काढणार, आणि आपल्याकडे सीमाशुल्क किती. आणखी एक खाच अशी, की १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्यात १०० वर्षांहून जुनी नाणीही येतात. भारतात आलेलं नाणं पुन्हा बाहेर नेणं त्यामुळे सोपं नाही. पुण्याला कायमचं परतायचं ठरलेलं असेल तरच संग्रह सोबत न्या. जाऊन-येऊन असाल तर तो इथेच राहू द्या.

सातवी पायरी: ठेवायची कशी, आणि काय करायचं नाही

घासायचं नाही. हे वाक्य मोठ्याने म्हणा. आपल्या घरात दिवाळीला लक्ष्मीपूजनाचे चांदीचे रुपये काढले की रांगोळी किंवा दंतमंजन लावून चकचकीत करायची रीत. ती हातात इतकी मुरलेली असते, की माझी पहिली पेनी मी भाबडेपणाने तशीच घासली. दोन मिनिटांत सातशे वर्षांचा करडा रंग गेला आणि चमच्यासारखी पांढरी चकती उरली, तिच्यावर बारीक ओरखडे. ती अजून माझ्याकडे आहे. नवीन माणूस घरी आला की मी आधी तीच दाखवतो. मातीच असेल तर शुद्ध पाण्यात भिजवून ठेवा, चिकटपणा असेल तर अॅसिटोनमध्ये, खिडकी उघडी ठेवून. चोळणं कशातच नाही.

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत नाणी ठेवू नका, काही वर्षांत हिरवा चिकट थर धरतो. आम्ल नसलेल्या कागदाची छोटी पाकिटं स्वस्त आणि चांगली. पैसे जमले की महॉगनीचा खणांचा पेटारा घ्या. ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ निघते, म्हणून ओक नको.

प्रत्येक नाण्यासोबत चिठ्ठी हवी: काय वाचलं, वजन, कुठून, कधी, कितीला. जुन्या मालकाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी आली असेल तर ती टाकू नका, ती नाण्याचीच आहे. वाचन अर्धवट असेल तर तसंच लिहा, न दिसणाऱ्या अक्षरांच्या जागी टिंबं घालून. अंदाजाने भरलेलं अक्षर पाच वर्षांनी तुम्हालाच खरं वाटायला लागतं.

आठवी पायरी: एक वाट धरा

पहिली तीन नाणी वाचून झाली की संग्रहाला दिशा लागते. कोणी एकाच गावाच्या टाकसाळीमागे लागतो, कोणी एडवर्डच्या दहा वर्गांमागे, कोणी टाकसाळ्यांच्या नावांमागे. चेहऱ्यांची आवड असेल तर सातव्या हेन्रीपर्यंत थांबावं लागेल. त्याच्या आधीचे सगळे राजे हे एकाच 'राजा' नावाच्या चिन्हाचे नमुने. खराखुरा, नाक-हनुवटी ओळखू येणारा चेहरा इंग्लिश चांदीवर येतो तो त्याच्या राज्याच्या शेवटच्या काही वर्षांत, १५०४ च्या आसपास. लंडनला गेलात तर ब्रिटिश म्युझियमची ६८ नंबरची नाण्यांची खोली फुकट बघता येते. ऑक्सफर्डच्या अॅश्मोलियनमध्येही चांगली मांडणी आहे.

मी कापलेल्या पेन्यांकडे वळलो. लांब क्रूसाच्या पेनीवर क्रूसामुळे कडेच्या अक्षरांचे चार तुकडे पडतात, तीन-तीन अक्षरांचे. क्रूसाच्या रेघेवरून कापली की अर्ध्या भागात सहा अक्षरं येतात. माझ्याकडच्या अर्ध्या पेनीवर आहे 'निक' आणि 'ओले'. म्हणजे निकोल. टाकसाळ्याचं नाव अख्खं, स्वच्छ, एक रेघही न झिजलेलं, फक्त 'ऑन' नंतरचं गाव दुसऱ्या अर्ध्यावर गेलंय. निकोल लंडनलाही होता आणि कँटरबरीलाही. चिठ्ठीवर मी नावापुढे सहा टिंबं घालून ठेवलीत.